दोरीवरचे कपडे आणि अंगणातील ऊन

दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्या दोन शेजाऱ्यांना तंट्याचे मूळ विचारले, तर उत्तर मिळते ते भिंतीचे, बोळाचे किंवा पागोळ्यांच्या पाण्याचे. त्याही मागे जाऊन खोदून विचारले, तर कधी कधी एक दोरी आणि तिच्यावरचे ओले धुणे हाती लागते. ते कारण दाव्याच्या अर्जात येत नाही. कारण ते सांगण्याची दोन्ही पक्षांना लाज वाटते. सुशिक्षित माणसे लुगड्याच्या पदरावरून आणि धोतराच्या निथळत्या पाण्यावरून भांडली, हे न्यायाधीशापुढे कोणी कसे सांगावे? परंतु कारण क्षुल्लक दिसते म्हणून ते क्षुल्लक असतेच असे नाही. दोरीवरून होणारा तंटा हा कपड्यांचा तंटा नव्हे. तो उन्हाच्या वाटणीचा तंटा आहे, आणि उन्हाची वाटणी कशी करावी याचा विचार समाजाने अद्याप नीटसा केलेला नाही.

भंडाऱ्याच्या जुन्या वस्तीत, तुमसरच्या बाजारपेठेमागे किंवा पवनीच्या अरुंद गल्ल्यांत अशा तंट्याचा क्रम साधारणपणे ठरलेला असतो. दोन कौलारू घरे, मधे हातभर सांद, मागे सांदवाडी. दक्षिणेकडच्या घरातील मुलाला नोकरी लागते, कौले उतरतात, स्लॅब पडते आणि वर एक मजला चढतो. उत्तरेकडच्या घराच्या अंगणातले हिवाळ्यातले ऊन नाहीसे होते. त्या घरातील बाई आपली दोरी मागच्या अंगणातून काढून पुढे, रस्त्याच्या कडेला बांधते. आता समोरच्या घराला आपल्या दारापुढे लोंबणारे कपडे खटकू लागतात. इकडे नव्या मजल्यावरच्या भाडेकरूचे धुणे कठड्यावरून खाली निथळते आणि तळमजल्यावर खाटेवर पसरलेल्या कुरडयांवर थेंब पडतात. एके सकाळी कोणीतरी कोणाची तरी दोरी सोडून टाकतो. संध्याकाळी पुरुष मंडळी घरी येतात, आवाज चढतात आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात अदखलपात्र गुन्ह्याची नोंद होते. त्यानंतर दहा वर्षे एका घरचे विरजण दुसऱ्या घरी जात नाही.

उन्हाचे गणित

ऊन फुकट असते आणि पुरेसे असते, ही समजूत उन्हाळ्यापुरती खरी आहे. भंडारा शहर सुमारे २१ अक्षांशावर वसलेले आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात ऐन मध्यान्ही येथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर येतो. ४५ अंशांचा अर्थ शाळेतील विद्यार्थीही सांगू शकेल : भिंतीची जितकी उंची, तितकीच तिची सावली. दहा फुटी भिंतीची सावली दहा फूट. तिच्यावर दहा फुटांचा मजला चढला की वीस फूट. हेही मध्यान्हीचे गणित झाले. सकाळी आणि सायंकाळी सावली याहून कितीतरी लांब पडते. जुन्या वस्तीतील अंगण वीस फुटांचे असले तरी ते मोठेच म्हणायचे. म्हणजे एका घराचा मजला हा दुसऱ्या घराचा पौष महिना गिळून टाकतो, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

जूनमध्ये सूर्य माथ्यावर येतो खरा, परंतु तोवर मृगाचे ढग आलेले असतात. त्यापुढचे तीन-साडेतीन महिने पावसाचे. आषाढ-श्रावणात चार घटकांची उघडीप मिळाली की सारी गल्ली एकाच वेळी कपडे घेऊन बाहेर धावते. चैत्र-वैशाखात उन्हाला तोटा नाही, म्हणून त्या दिवसांत दोरीवरून सहसा भांडण होत नाही. भांडण होते ते पौषात आणि श्रावणात. जी वस्तू सदैव मुबलक असते तिच्या वाटणीचा प्रश्नच उद्भवत नाही. जी दुर्मीळ होते ती अर्थशास्त्राच्या कक्षेत येते. शहर उंचीने वाढू लागले की ऊनही या कक्षेत येते.

शिवाय या जिल्ह्यात उन्हाला गिऱ्हाइके पुष्कळ. येथील घरात धान उकडून उसना तांदूळ करावयाचा तर ते धान अंगणात वाळवावे लागते. मोहफुले वाळतात, वड्या-सांडगे वाळतात. मोहाडी-आंधळगावकडील कोसा विणकरांना सुतासाठी उघडी, कोरडी जागा हवी असते. त्यांच्या दृष्टीने गल्लीतले ऊन हे उत्पादनाचे साधनच होय. या रांगेत धुणे सर्वांत शेवटी उभे असते, कारण धुण्यातून पैसा निर्माण होत नाही असा समज आहे. त्या समजाकडे पुढे वळावे लागेल.

कायदा कोणाच्या बाजूने?

तंटा चिघळला की दोन्ही पक्ष हक्काची भाषा बोलू लागतात. म्हणून कायदा काय म्हणतो ते पाहणे अगत्याचे आहे. या बाबतीत भंडाऱ्याचा कायद्याशी परिचय मुंबईहूनही जुना आहे. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम आरंभी मद्रास, कूर्ग आणि मध्य प्रांत एवढ्याच प्रदेशांना लागू झाला. भंडारा मध्य प्रांतात असल्याने तो येथे तेव्हापासूनच आला. मुंबई इलाख्याला तो १८९१ साली लागू झाला.

या कायद्याच्या १५ व्या कलमानुसार एखाद्या इमारतीला शेजारच्या जागेवरून येणारा उजेड आणि वारा २० वर्षे शांततेने, विनाखंड आणि हक्क म्हणून उपभोगिला असेल, तर तो कायम हक्क बनतो. अंगणात दोरी बांधणाऱ्याला येथे आशा वाटू लागते. परंतु दोनच कलमे पुढे, १७ व्या कलमात, ती आशा मावळते. मोकळ्या जागेवर येणारा उजेड आणि वारा यांचा हक्क कितीही वर्षांच्या उपभोगाने मिळत नाही, असे ते कलम स्पष्ट सांगते. अर्थात खिडकीला हक्क आहे, अंगणाला नाही. आजेसासूपासून त्याच अंगणात त्याच दोरीवर कपडे वाळत आले असले, तरी दक्षिणेकडचा शेजारी बांधकामाचे नियम पाळून मजला चढवीत असेल, तर त्या दोरीवरच्या उन्हासाठी त्याला अडविता येत नाही.

यात कायद्याला दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येक मोकळ्या जागेच्या उन्हाला हक्क मानले असते, तर कोणालाच घर बांधता आले नसते. परंतु कायद्याने जेथे हात आखडता घेतला तेथे प्रश्न संपला असे होत नाही. तो प्रश्न शेजाऱ्यांवर सोपविला गेला, एवढाच त्याचा अर्थ. हक्काच्या भाषेने हा तंटा सुटणार नाही, हे एकदा दोन्ही बाजूंना उमगले तर निम्मी लढाई संपेल.

वहिवाटीची भीती

मग शेजाऱ्याने आपल्या गच्चीवर किंवा आपल्या भिंतीतील खुंटीला दोरी बांधू देण्यास काय हरकत आहे? ऊन त्याच्याकडे गेले. त्यातले थोडे त्याने परत द्यावे, हा सरळ न्याय झाला. पण येथे एक जुनी भीती आड येते. "आज खिळा ठोकू दिला तर उद्या वहिवाट सांगतील," हे वाक्य विदर्भातील प्रत्येक घराने ऐकले आहे. धुऱ्यावरच्या तंट्यांनी येथील माणसाला एवढे शहाणे केले आहे की तो शेजाऱ्याला साखर देईल, पण भिंत देणार नाही. ही भीती अगदीच निराधार नाही. इंग्लंडमध्ये १८३२ इतक्या जुन्या काळी शेजाऱ्याच्या जागेवर कपड्यांची दोरी बांधण्याच्या हक्काचा वाद न्यायालयापुढे आला होता, आणि असा हक्क असू शकतो असे तेथील कायदा मानतो.

परंतु ज्या कायद्याची भीती वाटते त्याच कायद्यात तिचा उतारा आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. वहिवाटीचा हक्क मिळतो तो हक्क म्हणून केलेल्या उपभोगातून. मालकाच्या परवानगीने केलेल्या उपभोगातून नव्हे. परवानगी ही केवळ परवानगीच राहते आणि काही अपवाद सोडता ती देणाऱ्याला परत घेता येते. म्हणजे जो मालक तोंड दाबून, काही न बोलता शेजाऱ्याची दोरी वर्षानुवर्षे सहन करतो तो आपला हक्क धोक्यात घालतो; आणि जो उघडपणे, शक्य तर चार ओळी लिहून "बांधा" म्हणतो तो आपला हक्क सुरक्षित ठेवतो. रीतसर दिलेल्या सौजन्याने मालकी जात नाही. मालकी जाते ती अबोल्याने! आपल्याकडे मात्र नेमके उलटे घडते. सौजन्याला भिऊन माणसे अबोला धरतात आणि अबोल्याचे रूपांतर पुढे दाव्यात होते.

न मोजलेले श्रम

बाह्य परिणामांची चर्चा करणारे अर्थशास्त्र धुण्याच्या दोरीपासून फार दूर नाही. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी एकाच्या उद्योगाची झळ दुसऱ्याला कशी लागते हे दाखविताना आपल्या 'दि इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात धुण्याचाच दाखला दिला आहे. मँचेस्टर या धुराच्या शहरात आणि हॅरोगेट या स्वच्छ गावात कामगारांच्या घरी आठवड्याचे कपडे धुण्यास काय खर्च येतो, याची पाहणी १९१८ साली झाली होती. मँचेस्टरच्या कुटुंबाला इंधन आणि साबण वगैरेंपोटी आठवड्याला साडेसात पेन्स जादा पडतात असे तीत आढळले. साऱ्या शहराचा हिशेब वर्षाला २,९०,००० पौंडांच्या वर गेला. पण या हिशेबात एक गोष्ट धरलेली नव्हती. ती म्हणजे कपडे पुन्हा पुन्हा धुणाऱ्या स्त्रियांचे जादा श्रम. पाहणी करणाऱ्यांनी ते वगळल्याचे प्रांजळपणे नोंदविले, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी दोरीच्या तंट्यात तेच श्रम हिशेबाबाहेर राहतात. पावसाळ्यात न वाळलेले कपडे चुलीवरच्या दांडीवर टाकणे, सकाळी त्यांचा कुबट वास येतो म्हणून ते पुन्हा पिळणे, शाळेच्या गणवेशाचा ओला सदरा इस्त्रीने कोरडा करणे, पावसाचा थेंब पडताच हातातले पीठ तसेच टाकून बाहेर धावणे; या कष्टांची बेरीज कोणी करीत नाही. भांडणात आवाज पुरुषांचा असतो, अर्जावर सही पुरुषाची असते, तडजोडीच्या बैठकीला पुरुष बसतात. ज्या बाईची दोरी तोडली गेली तिला कोणी विचारीत नाही की, "तुला दिवसातले किती तास ऊन हवे?" विचारले, तर पुष्कळदा दोन तासांवर प्रश्न मिटेल.

आणखी एक गोष्ट संकोच बाजूला ठेवून लिहावयास हवी. मासिक पाळीतील कापड कडक उन्हात वाळविणे आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक आहे, हे आरोग्यसेविका घरोघर सांगतात. परंतु शेजाऱ्यांची दृष्ट आणि घरातल्यांची बोलणी यांच्या धाकाने ते कापड दुसऱ्या कपड्याखाली झाकून, नाही तर न्हाणीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाळविले जाते. "दारापुढे कपडे दिसतात, शोभा जाते," अशी हरकत घेणाऱ्याने आपल्या शोभेची किंमत कोणाच्या शरीराला मोजावी लागते, याचा क्षणभर विचार करावा.

शोभेचा हा आग्रह केवळ आपल्याकडचाच नाही. अमेरिकेतील अनेक नव्या वसाहतींनी उघड्यावर कपडे वाळविण्यास नियमाने बंदी केली. ती शोभा विजेच्या यंत्रांना पोसू लागली, तेव्हा राज्यांनाच उलट कायदे करावे लागले. फ्लॉरिडाने १९८० साली, व्हरमाँटने २००९ साली आणि कॅनडातील ओंटारिओ प्रांताने २००८ साली दोरीचे संरक्षण केले. मोठ्या शहरांतील गृहसंकुलांचे अनुकरण करून आपल्या तालुक्याच्या गावांतील नव्या वसाहतीही उद्या अशी बंदी घालू लागतील. सूर्य ज्या देशात वर्षातले आठ महिने फुकट काम करतो त्या देशाने, जे इतरांनी सोडून दिले ते उचलावे, यात शहाणपण नाही.

तलावाच्या पाण्याचा धडा

तंट्यातील दोन्ही पक्षांचे नुकसान परस्परसापेक्ष असते, हा विचार रोनाल्ड कोस यांनी १९६० च्या आपल्या निबंधात मांडला. पुढे १९९१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एका मिठाईवाल्याच्या खलबत्त्याचा आवाज शेजारच्या डॉक्टरच्या कामात व्यत्यय आणतो, हा १८७९ चा इंग्रजी खटला त्यांनी उदाहरणादाखल घेतला. डॉक्टरला शांतता द्यावी तर मिठाईवाल्याचे नुकसान, मिठाईवाल्याला मोकळीक द्यावी तर डॉक्टरचे. कोणाचे नुकसान टाळल्याने एकूण तोटा कमी होतो, हा खरा प्रश्न. आणि बोलणी करण्याला खर्च पडत नसेल तर माणसे आपसांत त्याचे उत्तर शोधतात. गल्लीतल्या शेजाऱ्यांना बोलण्यासाठी वकील लागत नाही, प्रवासखर्च पडत नाही. तरीही बोलणी होत नाहीत. कारण येथे बोलण्याचा खर्च पैशात नसून अभिमानात पडतो, आणि तो कोणालाच परवडत नाही.

हा अभिमान ओलांडण्याची रीत या जिल्ह्याला नवी नाही. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांनी आणि बोड्यांनी हा प्रदेश शतकानुशतके जगविला. पाणी थोडे आणि बांध्या पुष्कळ, अशी स्थिती प्रतिवर्षी यावयाची. तेव्हा कोणाच्या बांधीला पाणी आधी, कोणाच्या नंतर, हे पाळीने ठरे; पाळी सांभाळण्यासाठी पाणकर असे आणि त्याला गावातून धान्य मिळे. पाण्यावरून तंटे होत नसत असे नव्हे. पण प्रत्येक तंट्याच्या वेळी वाटणीचा प्रश्न पहिल्यापासून उकरावा लागत नसे. पाळी ठरलेली होती आणि ती सर्वांना ठाऊक होती.

मध्य प्रांताच्या बंदोबस्तात तर गावोगावच्या अशा रूढींची लेखी नोंद होत असे. तिला 'वाजिब-उल-अर्ज' म्हणत. मालगुजारी १९५१ साली गेली, जिल्हा १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. तरी पाणी, वाट आणि तत्सम वहिवाटींच्या या नोंदीची तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १६५ व्या कलमात टिकून आहे. रूढी लिहून ठेवली तर ती भांडण टाळते, हे शहाणपण येथील दफ्तरात दीडशे वर्षांपासून पडून आहे. जे पाण्याला लागू ते उन्हाला का लागू होऊ नये?

काय करता येईल?

यासाठी नवा कायदा नको, नवे खाते तर नकोच. गल्लीतील चार घरांनी एकत्र बसून उन्हाची पाळी ठरवावी. वरच्या मजल्यावरच्यांनी कपडे पिळून, सकाळी ठराविक वेळेपूर्वी किंवा आतल्या बाजूच्या दोरीवर घालावेत. खालच्यांनी वाळवणाचे दिवस आधी सांगावेत. ज्याने मजला चढवून दुसऱ्याचे ऊन घेतले त्याने आठवड्यातले काही तास गच्ची मोकळी करावी आणि ती परवानगी आहे, हक्क नाही, असे चार ओळींत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. घर भाड्याने देताना पाण्याच्या आणि विजेच्या बिलाबरोबर गच्चीच्या वापराचाही उल्लेख करारात असावा. नवे घर बांधणाऱ्याने नकाशात देवघर आणि मोटारीची जागा दाखविताना वाळवणाची जागाही दाखवावी. आणि या बैठकीला ज्यांच्या हातात धुणे असते त्या स्त्रियाच प्रथम बोलाव्यात.

१५ ऑगस्ट २००७ रोजी राज्याने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावातील समितीने तंटा गावातच मिटवावा, हे तिचे सूत्र. समित्यांचा भर पुढे बक्षिसावर किती आणि समेटावर किती राहिला, हा वेगळ्या चर्चेचा विषय आहे. परंतु मारामारीपर्यंत गेलेला तंटा मिटविण्यापेक्षा दोरी बांधण्याआधीच पाळी ठरविणे हे अधिक स्वस्त आणि अधिक माणुसकीचे काम आहे. समित्यांनी ते हाती घेतल्यास मोहिमेच्या नावाला खरा अर्थ येईल.

शेजारधर्म कागदावर आणणे म्हणजे त्याचा अपमान करणे, असा आक्षेप काही वडीलधारी मंडळी घेतील. त्यांच्या काळी कागद लागत नव्हता हे खरे. पण त्या काळी घरे एकमजली होती, भाडेकरू थोडे होते आणि ऊन सर्वांना पुरत होते. टंचाई आली की केवळ मोठ्या मनावर भिस्त ठेवणे हा मोठ्या मनावरचाच अन्याय होय. तलावाच्या पाण्याची पाळी ठरविणारे पूर्वज मनाने लहान नव्हते. आटत्या पाण्याबरोबर माणसाचे मनही आटते, हे ते जाणून होते.

एका घराच्या भिंतीची सावली दुसऱ्याच्या अंगणात पडणारच. तिला कोणाचा इलाज नाही. इलाज आहे तो त्या सावलीमागून येणाऱ्या अबोल्यावर, आणि त्यासाठी शेजाऱ्याचे दार वाजवून "तुमच्या गच्चीवर दोन तास कपडे घालू का?" एवढे विचारावे लागते. विचारणाऱ्याने हक्क सांगू नये आणि सांगणाऱ्याने उपकार दाखवू नये. एवढे पथ्य दोघांनी पाळले तर दिवाणी न्यायालयातील एक तरी दावा कमी होईल, आणि श्रावणातल्या उघडिपीत दोन घरांचे कपडे एकाच उन्हात वाळतील.